एचआयव्ही उपचारात टेलिमेडिसिन हवं ते डॉक्टरला, पेशंटच्या मोबाइलवर नको

रानवाट
ई-संजीवनी ही सरकारची व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सेवा आल्यापासून अनेकजण म्हणतात, एचआयव्हीचे पेशंटही व्हिडिओवरच बघा, हेलपाटे वाचतील. मला हे पटत नाही. खरी गरज आहे ती तालुक्याच्या लिंक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं (एआरटी) देणाऱ्या छोट्या केंद्रात, एकट्या बसलेल्या एमओला (वैद्यकीय अधिकाऱ्याला).

एक उदाहरण देते. टीएलडीवर, म्हणजे एचआयव्हीच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीवर, असलेल्या पेशंटला टीबी निघतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू होतं. त्यामुळे टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅविर या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून 12 तासांनी त्याची 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला हे कोण सांगणार? क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस (बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) असेल तर एआरटी घाईने सुरू करणं जिवावर बेतू शकतं, 4 ते 6 आठवडे थांबावं लागतं. असल्या गोष्टी एकदाच्या प्रशिक्षणात ऐकून लक्षात राहत नाहीत, समोर पेशंट असताना विचारता आल्या तर पक्क्या होतात.

यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरांनी 2003 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत प्रोजेक्ट एको सुरू केला तो याच विचाराने. गावातला डॉक्टर पेशंटचं नाव न सांगता व्हिडिओवर केस मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलतात. हिपॅटायटिस सी बरा होण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयात 57.5 टक्के होतं, तर एकोशी जोडलेल्या केंद्रांत 58.2 टक्के. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला.

कोयनाकाठ
मी समुपदेशक आहे. ताई, तुमचं उदाहरणच चुकीचं आहे. हिपॅटायटिस सीचा कोर्स संपतो, एचआयव्हीची गोळी जन्मभर घ्यायची असते. आमच्याकडे पेशंट बिघडतो तो बहुतेकदा डॉक्टरने डोस चुकीचा लिहिला म्हणून नाही, गोळ्या सुटल्या म्हणून. सासूला कळू नये म्हणून एक बाई गोळ्यांची बाटली ज्वारीच्या कणगीत लपवायची. पाहुणे आले की दोन-दोन दिवस हात लावायची सोय नाही. हे ती दार लावल्यावर बोलली, तेही कितीतरी भेटींनंतर. पडद्यावरच्या तज्ज्ञाला हे कसं कळणार?

ऊसपट्टा
दोघींनाही विचारतो, बीडहून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्यांचं काय? ग्रीन बुक, म्हणजे पेशंटचं उपचाराचं पुस्तक, दाखवलं की कोल्हापूर-सांगलीतही गोळ्या मिळतात, मान्य. पण खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. त्या माणसाशी फोनवर दोन शब्द बोललात तर काय बिघडलं? फोनच नको म्हणणं हे फडाबाहेरच्यांना सोपं आहे.

कोयनाकाठ
@ऊसपट्टा, ऊसतोड्यांच्या कोपीत (झोपडीत) फोन कोणाकडे असतो? नवऱ्याकडे, नाहीतर पोराकडे. 2017 चा एचआयव्ही कायदा माहिती गुप्त ठेवायला सांगतो, पण स्पीकरवर लागलेल्या फोनला कायदा लागत नाही. टोळी निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या, हा उपाय साधा आहे.

सडेतोड
मूळ दुखणं कोणी बोलत नाहीये. पद रिकामं असलं की तिथे टीव्ही बसवायचा आणि 'तज्ज्ञ उपलब्ध' असं लिहायचं. आज एमओला मदत म्हणाल, उद्या एमओशिवाय चालवतील. माझा याला ठाम विरोध आहे.

रानवाट
सडेतोड, पदं भरलीच पाहिजेत. पण नवा डॉक्टर रुजू झाला तरी पहिल्या दिवशी त्याला सेकंड लाइन, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर द्यायची औषधं, कळत नाही. औषधं निकामी ठरतायत असं वाटलं की तज्ज्ञांच्या पॅनेलचं मत घ्यावं लागतं. कागद नीट तयार नसतील तर तेवढे दिवस पेशंट जुन्याच गोळ्यांवर राहतो. ही तयारी शिकवायला माणूस मुंबईहून रोज येणार नाही.

ऊसपट्टा, पेशंटने स्वतः सांगितलेल्या वेळी, त्याच्याच नंबरवर फोन करायला माझी ना नाही. भेटीऐवजी व्हिडिओ, याला आहे.

कोयनाकाठ, कणगीतल्या बाटलीला माझ्याकडे उत्तर नाही. ते काम तुमचंच आहे, आणि स्क्रीन आली म्हणून तुमचं पद कोणी कमी करत असेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण तुमच्या पेशंटला टीबी झाला तर दुसरी गोळी लिहिणाराही तयार हवा ना?

कोयनाकाठ
हवाच. मग तज्ज्ञांपुढे केस मांडायचा आठवड्याचा एक तास ड्युटीत धरा, ओपीडी आटोपून जेवणाच्या सुट्टीत नको. आणि केस मांडताना सिस्टर, फार्मासिस्ट आणि आम्हालाही बसवा. बाटलीत किती गोळ्या उरल्या ते आम्ही मोजतो. ते न विचारताच 'औषध बदला' म्हणणारे तज्ज्ञ मी पाहिलेत, म्हणून माझा विरोध अजून मागे घेत नाही.