अ‍ॅम्बेसेडरला कॉइलओव्हर: आधी वरचा माउंट पाहा
भाऊ, टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) काढून शॉकअपच्या वरच्या जुन्याच ब्रॅकेटवर कॉइलओव्हर (स्प्रिंग अंगावरच बसवलेला शॉकअप) चढवायचा तुमचा बेत वाचला. तसं करू नका, कळकळीनं सांगतो. पुढचं वजन मुळात टॉर्शन बार पेलतो. शॉकअपच्या ब्रॅकेटला फक्त झोले आवरायचे असतात. कॉइलओव्हर लावला की सगळा भार त्या ब्रॅकेटवर येतो अन् पत्रा फाटतो. आधी जाड प्लेट अन् गसेट (तिकोनी आधारपट्टी) घालून तो भार खालच्या मजबूत भागापर्यंत न्या.

स्प्रिंगचं गणितही करा. शॉकअपचा खालचा बोल्ट आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) गाडीकडच्या टोकापासून 60 टक्के लांबीवर असेल, तर चाकाशी 0.6 चा वर्ग, म्हणजे 36 टक्केच कडकपणा उरतो. 50 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग तिथं 18 चीच. शॉकअप तिरपा असला की आणखी कमी. कॉलर (स्प्रिंगखालची आट्यांवर फिरणारी कडी) आवळल्यानं गाडी उचलते. साधी स्प्रिंग कडक होत नाही.

तुम्ही वणीकडचे, म्हणजे काळी माती आलीच. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं गेलं की चिखल कॉलरच्या आट्यांत बसतो, वाळला की पान्याला दाद देत नाही. रबरी बूट (आच्छादन) चढवाच. आणि उंची बदलली की चाकांची अलाइनमेंट पुन्हा करून घ्या.