पावसात टीव्हीवर चौकोन येतात, त्यावर प्रोजेक्ट करू का?

महालवाला_ईसी: फायनल इयरला आहे. परवा रात्री धो धो पाऊस, मॅच चालू, अन् डिशचं चित्र अडकलं, मग बॉलरच्या हातावर हिरवे चौकोन, दोन मिनिटांत सगळं काळं. डीब्लॉकिंग फिल्टरने (चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारा) हे दुरुस्त होईल का? गाइड विषय मागताहेत.

सिग्नलभाऊ: विषय भारी आहे पण तू दोन गोष्टी मिसळतोय. कॉम्प्रेशनचे चौकोन म्हणजे चित्राच्या ८×८ पिक्सेलच्या ब्लॉकवर डीसीटी (ढोबळ अन् बारीक तपशील वेगळे करणारं गणित) करून बारीक माहिती टाकून दिली की दिसणाऱ्या शिवणी, त्यावर डीब्लॉकिंग चालतं, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये तर ते चित्र उलगडणाऱ्या डीकोडरच्या आतच असतं. पावसात केयू बँडचा (डिशला उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींचा पट्टा) सिग्नल थेंबांत शोषला जातो, एरर करेक्शन (चुकलेले बिट दुरुस्त करणारी सोय) शेवटपर्यंत झुंजतं अन् हरलं की पॅकेटच, म्हणजे डेटाचा तुकडाच, गायब. जे आलंच नाही ते गुळगुळीत कसं करशील? तुला एरर कन्सीलमेंट पाहिजे, हरवलेला तुकडा शेजारून नाहीतर मागच्या फ्रेमवरून भरायचा.

धरमपेठ_एमटेक: पावसाची वाट बघू नको बाप्पा. रेकॉर्ड केलेली ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (टीव्हीचा डेटा ज्या रूपात येतो ती) घे, १८८ बाइटचं एकेक पॅकेट, पायथनने थोडी उडव. मूळ फाइल हाती असली की पीएसएनआर (दुरुस्त चित्र मुळाच्या किती जवळ आहे त्याचं माप) काढता येतो. मी केलंय हे, आय फ्रेममधलं (स्वतःपुरतं पूर्ण चित्र) एक पॅकेट गेलं तरी मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमचे तुकडे सरकवून बनतात, म्हणून पुढची आय फ्रेम येईपर्यंत बिघाड पसरत जातो.

महालवाला_ईसी: म्हणूनच तो चौकोन हातासोबत सरकत होता! आज रात्रीच पॅकेट उडवून बघतो.