मदत हवी आहे: गिटार पेडलचं जड बटन अनवाणी पायाला हलकं कसं करावं?

परभणीकर:
भजनसंध्येला मंचावर चपला काढूनच उभं राहावं लागतं. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं) आणि डिले (प्रतिध्वनी देणारं), दोन्ही पेडलांना पायानं दाबायचं, नऊ पायांचं थ्री-पीडीटी बटन आहे. अनवाणी दाबलं की तळव्यात रुततं, शिवाय 'खट्' आवाज माईकमध्ये जातो. आतली स्प्रिंग कापली तर चालेल का? दोन्ही ९ व्होल्ट अडॅप्टरवर चालतात.

नांदेडकर:
स्प्रिंगला हात लावू नका भाऊ. तिच्याच जोरावर आतल्या पत्त्या घट्ट टेकून राहतात. जोर कमी झाला की आधी खरखर, मग आवाज मधेच गायब. तेल मारूनही भागत नाही.
नुसतं रुततंय म्हणाल तर बटनावर रुंद प्लास्टिकची टोपी बसवा. जोर मात्र तेवढाच लागेल.

लातूरकर:
'खट्' घालवायचा तर रिले बायपासच करा, म्हणजे पेडल वगळून सिग्नल थेट पुढं नेण्याचं (बायपासचं) काम बटनाऐवजी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करेल. सॉफ्ट-टच, मोमेंटरी (दाबलेलं असेपर्यंतच जुळणारं), नॉर्मली ओपन (एरवी उघडं राहणारं) बटन घ्या. १२ मिमीच्या जुन्याच भोकात बसतं. पाय उचलला की ते सुटतं, म्हणून चालू-बंद लक्षात ठेवायला अ‍ॅटटायनी१३ए हा छोटा कंट्रोलर (प्रोग्राम भरायची चिप) लागेल. प्रोग्राममध्ये २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (बटनाचे संपर्क थरथरतात तेवढा वेळ थांबणं) ठेवा.
बाकी सामान: टीक्यू२-५व्ही रिले, ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर ७८एल०५, रिले चालवायला ट्रान्झिस्टर बीसी५४७, त्याच्या बेसला २.२ किलोओहमचा रेझिस्टर, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४१४८ डायोड. डायोड विसरलात तर ट्रान्झिस्टर जाईल.
जोडणी नीट बघा, सगळे इथंच चुकतात. रिलेत संपर्कांचे दोन संच असतात; प्रत्येकात कॉमन (सामाईक पाय), एनओ (रिले चालू असताना कॉमनला जुळणारा) आणि एनसी (रिले बंद असताना जुळणारा). पहिल्या संचाचा कॉमन आउटपुट जॅकला, एनओ इफेक्टच्या (पेडलच्या मूळ सर्किटच्या) आउटपुटला, एनसी इनपुट जॅकला. दुसऱ्याचा कॉमन इफेक्टच्या इनपुटला, एनओ इनपुट जॅकला, एनसी ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला). यामुळं बायपासमध्ये इफेक्टचं इनपुट ग्राउंड होतं आणि ओव्हरड्राइव्हचा आवाज झिरपत नाही. एलईडी कंट्रोलरवरूनच चालवा.
इफेक्टच्या आउटपुटपासून ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर हवाच. बायपासमध्ये ते टोक मोकळं राहतं, कपॅसिटरमधून थोडा थोडा व्होल्टेज साठतो आणि चालू करताना 'फट्' होतं.

परभणीकर:
कधी बॅटरीवर वाजवायचं झालं तर?

लातूरकर:
हा रिले चालू असेपर्यंत २८ मिलिअँप खातो, ९ व्होल्टची बॅटरी लवकर बसेल. लॅचिंग (एकदा बदलला की तसाच राहणाऱ्या) टीक्यू२-एल-५व्ही रिलेला विजेचा नुसता झटका पुरतो, पण त्याचा ड्रायव्हर आणि प्रोग्राम वेगळा, आणि वीज गेली तर तो आहे तिथंच राहतो. तुम्ही अडॅप्टरवर आहात, साधाच घ्या. अडॅप्टरची पिन निघाली तरी पेडल बायपासला पडतं आणि गिटार थेट ॲम्पला जातं. अडॅप्टरची क्षमता मात्र तपासा: दोन रिलेंचे ५६ मिलिअँप वाढतील.

नांदेडकर:
जुनं बटन सर्किट बोर्डवरच डाग दिलेलं असेल तर ओढू नका, तांब्याची पट्टी उखडते. आधी बटनाचे पाय कटरनं कापा, मग एकेक पाय वेगळा काढा.