मागच्या ड्रमला डिस्क? आधी ड्रम उघडून बघा

जुन्या मारुती ८००चं ब्रेक पेडल खाली जातंय, म्हणून मागचे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा डबा, आतून शू दाबून थांबवला जाणारा) काढून डिस्क ब्रेक (फिरणारी चकती दोन बाजूंनी दाबणारे) बसवायचा तुमचा विचार वाचला. माझं मत: पैसे वाया. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे बहुतेक काम पुढच्या डिस्कच करतात. मागचे ब्रेक जास्त कडक झाले तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात (फिरायची थांबून घसरतात) आणि गाडी गरकन फिरते. शिवाय हँडब्रेक मागच्या ड्रममधल्या शूवरच चालतो, त्यामुळे त्याची सोय नव्याने करावी लागते, ती वेगळीच कटकट.

पेडल खाली जातंय म्हणताय, तर आधी ड्रम काढा. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. ऑइल लागलेले लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) घासून परत लावू नका (गॅरेजवाले सर्रास लावतात!), दोन्ही चाकांचे ब्रेक शू एकदम बदला. ड्रमला आतून कड आली असेल तर लेथवर टर्निंग (आतून कातून सपाट करणं) चालेल, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. नंतर ब्लीडिंग (ब्रेक लाइनमधली हवा काढणं), शू ॲडजस्टमेंट (शू आणि ड्रममधलं अंतर बसवणं) आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल. केबल आधी ताणली की शू ड्रमला घासत राहतात.