प्रतिसाद: स्प्रिंट छोटा कशासाठी?
दोन आठवड्यांचा स्प्रिंट (सॉफ्टवेअर टीमने ठरलेलं काम पूर्ण करायचा छोटा, ठराविक कालावधी) म्हणजे टीमकडून जास्त काम काढून घ्यायची युक्ती, हे या चर्चेतलं म्हणणं अर्धंच पटलं. तसा वापर सर्रास होतो, पण मूळ हेतू वेग नाही. अंदाज चुकला तर जास्तीत जास्त किती काम वाया जाईल, त्याला घातलेली ती मर्यादा आहे. स्क्रममध्ये (अशा छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीत) स्प्रिंट १ महिन्यापेक्षा मोठा नसतो तो त्यासाठीच.

टेस्टिंगचा मुद्दा मात्र कुणी काढला नाही. कामाच्या १० दिवसांपैकी ८ दिवस कोडिंग आणि शेवटी २ दिवस टेस्टिंग असं चाललं तर तो छोटा वॉटरफॉलच, म्हणजे एक टप्पा संपल्यावरच पुढचा सुरू करायची पद्धत. बग नवव्या दिवशी सापडतात, स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या गरजेनुसार पाडलेले कामाचे छोटे भाग) 'जवळजवळ झाल्या' म्हणत पुढे ढकलल्या जातात आणि रिव्ह्यूत (स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवायच्या बैठकीत) दाखवण्याजोगं काही उरत नाही. ज्या फीडबॅकसाठी एवढा खटाटोप केला, तोच हातचा जातो. स्टोरी टेस्टिंगसकट २-३ दिवसांत संपेल एवढीच ठेवा. पण स्क्रीन वेगळी, डेटाबेस वेगळा असे तुकडे नकोत, कारण त्यातला एकही वापरून पाहता येत नाही. आणि मॅन्युअल रिग्रेशनलाच (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, हे हाताने तपासायलाच) ३ दिवस लागत असतील, तर आठवड्याच्या स्प्रिंटचा हट्ट सोडून आधी ते ऑटोमेट करा.