फादो ऐकायची सुरुवात अमालियापासून करू नका

खर्जातला
फादो, म्हणजे पोर्तुगालचं शहरी लोकगाणं, ऐकायचाय म्हटलं की जो तो डोळे मिटून तिथल्या गाजलेल्या गायिकेचं, अमालिया रॉड्रिग्सचं नाव सांगतो. माझं म्हणणं, आधी आल्फ्रेदो मार्सेनेरो ऐका (१८९१–१९८२). लिस्बनचा हा माणूस पेशाने सुतार. आवाज घोगरा, दमसास बेताचाच, पण ओळ कुठे तोडायची, शब्द कुठे रेंगाळू द्यायचा, हे ऐकावं तर त्याच्याकडून. पारंपरिक फादोत चाली आधीच ठरलेल्या असतात: संथ मेनोर, धावता कोरीदो, मधल्या लयीतला मोरारिया. बांधणीत बसतील ते शब्द घ्या आणि गा, आपल्या ओवीसारखं. चाल सगळ्यांचीच, त्यामुळे कस लागतो तो गाणाऱ्याचा. अमालियाचा आवाजच इतका भारी की ऐकणारा तिथेच गार होतो, खालची चौकट त्याच्या कानावरच येत नाही. पुढे संगीतकार आलेन उलमानने तिच्यासाठी नव्या चाली बांधल्या, मोठमोठ्या कवींचे शब्द आले आणि फादोचं भावगीत झालं. गोड आहे, पण पाया नाही.

मधली_पट्टी
अजिबात पटलं नाही. उलमान आला तो १९६२ च्या ज्या रेकॉर्डवर, 'बुश्तो' म्हणतात तिला, तीच काढून ऐका. त्यातलं 'एश्त्रान्या फोर्मा द व्हीदा' हे अमालियाचं खूप गाजलेलं गाणं. शब्द तिचे स्वतःचे आणि चाल कोणाची? तुमच्याच मार्सेनेरोची, फादो बायलादो! त्याच रेकॉर्डवर नदीवर धुणं धुणाऱ्या लोकांचं गाणं आहे. कविता पेद्रो ओमें द मेलोची, चाल फादो व्हितोरिया, म्हणजे पुन्हा जुनीच. चौकट दिसत नसेल तर तो दोष ऐकणाऱ्याचा, बाईंचा नव्हे.

बाकी 'भावगीत झालं' ही तक्रारही शिळीच आहे. १९६५ मध्ये तिने कामोंइशच्या कविता गायल्या तेव्हा लिस्बनच्या वर्तमानपत्रांत यावरूनच वाद रंगला होता. एवढा थोर कवी, तो फादोत गावा का म्हणून.

खर्जातला
चाल मार्सेनेरोची आहे हे मान्य, माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. मूळ चाल कानात असेल तरच अमालियाने तिचं काय केलं ते कळणार ना? नाहीतर नुसतं 'वा, काय आवाज आहे' म्हणून माणूस पुढच्या गाण्यावर जातो.

रात्रपाळी
तुम्ही दोघं चालींवरून भांडताय, पण पोर्तुगालमधल्या १९२७ च्या कायद्याचं नावच नाही. त्यानंतर पैसे घेऊन फादो गाणाऱ्याला परवाना लागायला लागला आणि गाण्याचे शब्द सेन्सॉरकडून तपासून घ्यावे लागत. त्याआधी कामगारांचे, संपाचे फादो होते. ते गळाले आणि उरलं दैव, आई, दारिद्र्य, विरह. मग आपण म्हणायचं, फादो किती हळवा! १९७४ च्या क्रांतीनंतर लिस्बनमधल्या बऱ्याच जणांना फादो म्हणजे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचं गाणं वाटायचं, ते काही उगाच नाही.

मधली_पट्टी
@रात्रपाळी, कायद्याचं बरोबर आहे. पण 'बुश्तो'वरच 'आबांदोनो' आहे. राजकीय कैद्याचं गाणं म्हणून लोकांनी ते ऐकलं, पेनीशच्या तुरुंगावरून त्याला 'फादो पेनीश' म्हणायला लागले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. उलमानला तर १९६६ मध्ये गुप्त पोलिसांनी उचललं आणि देशाबाहेर काढलं. राजवटीची लाडकी गायिका म्हणून अमालियाला एका रेघेत उडवता येत नाही.

रात्रपाळी
एका रेघेत नाही उडवत. पण सरकारने तिला परदेशात मिरवलं, हेही त्याच हिशेबात धरा.

पणजीकर
अवांतर: आमच्याकडे येणारे पाहुणे मांडोला सर्रास 'कोकणी फादो' म्हणतात. नाही हो. मांडो लग्नघरात नाचत गायचा, साथीला घुमट आणि व्हायोलिन. फादो गोव्यात गातात, सोनिया शिरसाटला ऐकलं नसेल तर जरूर ऐका, पण ती वेगळी गोष्ट.

मूळ वादात मी मधली_पट्टी यांच्या बाजूचा. नवख्याला घोगऱ्या सुतारापाशी नेऊन बसवलंत तर तो दुसऱ्या गाण्याला उठून जाईल.

चहा_बिनसाखरेचा
रेकॉर्ड कोणतीही लावा, कान खरा तयार होतो तो खोलीत. नोकरीनिमित्त लिस्बनला होते तेव्हा आल्फामा या तिथल्या जुन्या वस्तीत फादो ऐकला. दिवे मंद केले, वाढपी ताटं हातात घेऊन दाराशीच थांबले, कुजबुजणाऱ्या एका टेबलाला शेजारच्यांनीच गप्प केलं. माइक नाही. पोर्तुगीज गिटारला बारा तारा, सहा जोड्यांत. वाजवणाऱ्याने बोटांना खोटी नखं चिकटपट्टीने बांधली होती. गाणारीने ओळ सोडली की ती गिटार पुढे सरकायची, तिने श्वास घेतला की मागे. तो दोघांचा संवाद रेकॉर्डवर निम्माही पोचत नाही.

पर्यटकांची गर्दी, जेवणाचं बिल, सगळं मान्य. पण हौशी लोक आपापलं गातात तो 'फादो व्हादियो' शोधा. कोणी बेसूरही गातं, आणि ठरलेल्या चालीवर प्रत्येक जण काय वेगळं करतो ते तिथे लगेच कळतं.

खर्जातला
हे झकास. पण डोंबिवलीत बसून आल्फामा कुठून आणू? रेकॉर्डच लावायची तर मी मार्सेनेरोवर ठाम आहे. @पणजीकर, तडजोड म्हणून एवढंच: 'एश्त्रान्या फोर्मा द व्हीदा' आधी लावा, लगेच मार्सेनेरोच्या आवाजात फादो बायलादो. नवखा कोणत्या गाण्याला उठून जातो ते इथे येऊन सांगा.

मधली_पट्टी
म्हणजे सुरुवात अमालियापासूनच. धन्यवाद!