जादूचे प्रयोग: खरा अभिप्राय कसा मिळवायचा?

किलवर_दश्शी: गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं जादू करायची आहे. मधे घातलेला पत्ता वर येतो तो प्रयोग, नाणं गायब करणं आणि कापलेली दोरी जोडणं. घरचे दरवेळी ‘मस्त!’ म्हणतात, भाचा ‘बाहीत लपवलं’ म्हणून ओरडतो. नेमकं काय चुकतंय हे कुणाला आणि कसं विचारू? मांडवात असा ओरडणारा निघाला तर?

हातचलाखी: ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’च ऐकायला मिळणार. तोंडावर वाईट कोण बोलतो? दुसऱ्या दिवशी विचारा, ‘काल काय काय झालं, सांग बरं.’ ‘माझा पत्ता मधे घातला, तर तो वर आला’ एवढंच आठवलं तर जमलं. ‘मग तुम्ही पत्ते जरा सारखे केलेत...’ असं आलं की चोरी, म्हणजे गुपचूप केलेली हालचाल, तिथेच दिसली.

डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं, बहुतेकांची फसते ती उचलताना नाही, त्याच्या आधी. वरच्या दोन पत्त्यांखाली करंगळीने फट धरताना नजर खाली जाते, बोलणं थांबतं. फट आधीच, समोरच्याकडे बघत बोलता बोलता धरा. आणि ‘हा साधाच कॅट आहे’ हे वाक्य गाळा. शंका कुणालाच नव्हती, ती तुम्हीच पेरता.

पडद्यामागे: मोबाइलवर शूटिंग करा, पण स्वतःच्या उंचीवरून नको. मांडवात मुलं पुढे सतरंजीवर बसतात, त्यांना तळहातातलं नाणं खालून दिसतं. कडेच्या खुर्च्यांवरून बोटांमधली फट दिसते. तेव्हा एकदा जमिनीलगत, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कडेला मोबाइल ठेवा. बघताना आधी आवाज बंद करून फक्त नजर आणि खांदे पाहा. नाणं आहे असं भासवलेली रिकामी मूठ तुम्ही स्वतःच बघत नसाल, तर प्रेक्षक तरी का बघतील? मग चित्र न बघता नुसतं ऐका: ‘तर मग’, ‘ओके’ किती वेळा येतं ते.

बदाम_राणी: ओरडणाऱ्याबद्दल. बाह्या सुरुवातीपासूनच कोपरापर्यंत दुमडलेल्या असू द्या. टोमणा मारू नका, लोक लगेच मुलाच्या बाजूने होतात. त्याला दोरी ओढून बघायला द्या, काम मिळालं की तोंड आपोआप बंद. त्याने खरंच बरोबर ओळखलं तर खोटं बोलू नका, हसून पुढच्या प्रयोगाकडे वळा.

निवडलेला पत्ता शेजारच्या दोघांना दाखवायला सांगा. विसरला तरी ‘तुम्हीच चुकलात’ म्हणायची वेळ येत नाही. वडीलधाऱ्यांना बोलावताना अहो-जाहो, आणि टकलावर विनोद नकोच. कानामागून नाणं काढायचं तर फक्त ओळखीच्या मुलाच्या, तेही विचारून. कुणाची अंगठी घेतली असेल तर टाळ्यांच्या आधी परत.

इस्पिक_एक्का: एक पुरवणी. ‘पुन्हा दाखवा’ला एरवी नकार द्यावा, पण वर येणारा पत्ता मुळात पुन्हापुन्हाच करायचा असतो. ‘कोणतीही जादू तीनदा पाहिली की ओळखतो’ अशी प्रसिद्ध जादूगार हुडिनीची फुशारकी होती. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने त्याला याच प्रयोगाने चकवलं. मात्र दरवेळी पद्धत बदला, नाहीतर तिसऱ्या खेपेला पकडले जाल.

अभिप्राय जादू करणाऱ्याकडूनही घ्या, पण त्याला एवढंच विचारा: ‘चोरीच्या वेळी तुझी नजर कुठे होती?’ नाहीतर तो तुम्हाला अजून चार अवघड हालचाली शिकवत बसेल. तो बोलत असताना खुलासे देऊ नका, वहीत लिहून घ्या. आणि मांडवातला उभा पंखा तुमच्या टेबलाकडे फिरलेला नाही ना, ते आधी बघा.